ताणाबाणा आणि वादी

वाचकहो, आपण हा अंक उघडून बसला असाल तेव्हा आपल्या घराच्या उंबऱ्याबाहेर पाचसात वहाणा पडलेल्या असतील. त्यांतली एखादी पालथी असेल, एखादीचा अंगठा उसवला असेल, आणि ‘नीट ठेवा रे त्या’ असे कोणी तरी आतून ओरडलेही असेल. त्याच घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात मलमलीत गुंडाळलेली एखादी पैठणी किंवा आजीचे इरकली लुगडे जपून ठेवलेले असेल. वर्षातून एकदा ते बाहेर काढून त्याच्या घड्या बदलतात आणि पुन्हा तितक्याच निगुतीने आत ठेवतात. दोन्ही वस्तू माणसाच्या हातच्या, दोन्ही अंगाला लागणाऱ्या. परंतु एकीची जागा उंबऱ्याच्या आत आणि दुसरीची बाहेर. वहाणेने पायाशीच राहावे, असे तर आपली म्हणच बजावून सांगते. मी आत ठेवल्या जाणाऱ्या वस्तूंच्या घरात वाढले आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेर ठेवल्या जाणाऱ्या वस्तू करावयास शिकले. त्या शिकण्याची ही हकीकत आहे.

माझे माहेर इचलकरंजीचे, विणकराचे. आजोबांचा हातमाग मी पाहिला तो माळ्यावर मोडून ठेवलेला. वडिलांच्या काळात घरात यंत्रमाग आले होते. मागांच्या खडखडाटात आम्ही भावंडे अभ्यास करीत असू आणि वीज गेली की त्या अवचित शांततेने दचकून जागे होत असू. पुढे मी वस्त्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले. भिंतीवर लावावयाची विणलेली चित्रे करते, भरतकाम शिकवते, आणि गेली वीस वर्षे माझी ओळख ‘कापडवाली बाई’ अशीच आहे. कापडाविषयी मला काही नवे सांगावयाचे उरले आहे असे मला फारसे वाटत नसे.

परंतु आमच्या त्या मागातच कातडे होते, हे मी मुद्दाम सांगते. धोट्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फटका मारून धाडणारा जो भाग असतो, त्याला माग चालवणारे ‘पिकर’ म्हणतात. आता तो प्लॅस्टिकचा किंवा नायलॉनचा असतो. पूर्वी तो म्हशीच्या कच्च्या कातड्याचा असे, आणि फटका देणारा पट्टाही चामड्याचाच असे. दिवसाकाठी हजारो वेळा तो ठोका सोसावयाचा तर कातड्यासारखे चिवट दुसरे काही नव्हते. पिकर बाजारातून डब्यात भरून येत. ते केले कोणी, हे आमच्या घरात कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

दुसरी गोष्ट सुईची. आपल्यापैकी ज्या भगिनी भरतकाम करतात त्यांना आरीकाम ठाऊक असेलच. ताणून बसवलेल्या कापडावर वरून बारीक आकड्याची आरी टोचावयाची, खाली धरलेला धागा आकड्यात अडकवून वर ओढावयाचा, आणि एका फासातून दुसरा फास काढीत साखळी पुढे न्यावयाची. कच्छमधील भूजकडे या कामाला ‘मोची भरत’ म्हणतात. ते नाव फुकाचे नाही. चामडे शिवणाऱ्या मोची समाजातील कारागिरांनीच आपल्या हातातले हत्यार रेशमावर चालवले आणि राजदरबारासाठी फुलवेली, मोर, पोपट भरले. मी कित्येक वर्षे मुलींना आरीकाम शिकवीत आले आहे. पायताण शिवणाऱ्याची आरी आणि माझी आरी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर मात्र मला थोरली बहीण आणि धाकटी बहीण एकत्र बसल्यासारखे वाटले. थोरली जाड, लाकडी मुठीची, तेलकट, धाकटी नाजूक. चेहरा एकच.

मला चर्मकामाकडे नेले ते खणाने. गुळेदगुड्डचा खण आपल्या परिचयाचा आहे. विदर्भापासून गोव्यापर्यंत मराठी घरांत ओटी भरताना तो लागतोच. या खणाचे पादत्राण करावे अशी कल्पना माझ्या मनात आली आणि मी ती बेळगाव जिल्ह्यातील अथणी भागात चपला करणाऱ्या एका वृद्ध कारागिरापुढे मांडली. त्यांनी खण दोन बोटांत धरून चोळला, उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, “ताई, हे झाक हाय. पर पायाखाली दोन म्हयनं बी टिकायचं न्हाई. तुमाला कापड ठावं हाय. आधी कातडं ठावं करून घ्या, मग ठरवा.” मी विचारले, शिकवाल का? ते हसले आणि जागा करून देण्यासाठी थोडे सरकून बसले. त्यांना मी मामा म्हणू लागले. त्यांच्या पत्नीला सारा गल्लीभर ‘अक्का’ म्हणत. मीही तेच म्हणू लागले. मामा मराठी बोलत, अक्का कानडी. त्या मुलुखात एका घरात दोन भाषा नांदणे ही नवलाची गोष्ट नाही.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. ‘कोल्हापुरी’ हे नाव बाजारपेठेचे आहे. चपला करणारी घरे सह्याद्रीच्या पूर्वेस, कृष्णा आणि तिच्या उपनद्यांच्या दोन्ही काठांवर पसरलेली आहेत. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्राच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाच्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून, आणि दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे. सीमेवरून आपण किती भांडलो हे सर्वश्रुत आहे. चप्पल मात्र दोघांच्या सह्यांनी नोंदली गेली. ज्या बागलकोट जिल्ह्यात ती होते त्याच जिल्ह्यात इलकल आणि गुळेदगुड्ड आहेत, म्हणजे आपले इरकली लुगडे आणि आपला खणही तेथलाच. कापड आणि कातडे तेथे पूर्वीपासून शेजारीच आहेत. त्यांची घरे तेवढी वेगळ्या आळ्यांत असत.

पहिले पंधरा दिवस मला मामांनी रापी हाती धरू दिली नाही. रोज एक कमावलेले कातडे जमिनीवर पसरावयाचे आणि त्यावर हात फिरवावयाचा, एवढेच काम. विणकराला ही शिक्षा वाटावी. आमचे कापड हे मोजलेले असते. ताण्याचे धागे किती, बाण्याचे किती, फणीचा नंबर कोणता, हे आधी ठरते आणि मग कापड जन्माला येते. एका टोकाचे कापड दुसऱ्या टोकासारखेच निघावे यातच आमचे कौशल्य. कातडे हे आधीच कोणी जगून ठेवलेले असते. पाठीच्या कण्यालगतचा, मागच्या पुठ्ठ्याकडचा भाग दाट आणि घट्ट, पोटाकडचा सैल, फुगीर, ओढला की पसरणारा, मानेकडचा सुरकुतलेला. कोठे काटेरी कुंपणाचा ओरखडा, कोठे गोचिडाचा डाग, कोठे जू घासल्याने गुळगुळीत झालेली जागा. ते सारे बोटांना कळले पाहिजे. तळ कापावयाचा तो पुठ्ठ्यातून. पोटाकडच्या कातड्याचा तळ केला तर चार दिवसांत वहाण पसरते आणि पाऊल तिच्यात पोहू लागते.

एके दिवशी मामांनी एका पट्टीची दोन्ही टोके माझ्या हाती देऊन ओढावयास सांगितले. ती लांबली नाही. मग त्याच कातड्याची, पण आडवी कापलेली दुसरी पट्टी दिली. ती ओढताच लांब झाली. मी उद्गारले, “मामा, यालाही ताणाबाणा आहे!” कण्याच्या रेषेने कातडे कमी ताणते, आडवे अधिक. कापडही उभ्या धाग्याने धरून ठेवते आणि तिरके ओढले की सैल पडते. शिंपी ज्याला तिरकस कापणे म्हणतो त्यातले मर्म तेच. फरक इतकाच की आमचा ताणाबाणा आम्ही घालतो, आणि येथे तो जनावराने चालून, बसून, ओझी ओढून घातलेला असतो. म्हणून चपलेचा आडवा पट्टा कण्याच्या रेषेने कापतात, नाही तर तो पायावर राहत नाही. हे मला कोणा पुस्तकाने सांगितले असते तर मी मान डोलावून विसरले असते.

कमावण्याचे काम मामांच्या घरी आता होत नाही. कमावलेले कातडे ते विकत आणतात. तथापि त्यांनी मला शेजारच्या गावी नेऊन ते दाखवले, आणि त्याचे वर्णन केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. कातडे आधी चुन्याच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे केस सैल होऊन निघतात. नंतर ते धुऊन चुना काढतात आणि मग त्याची पिशवी शिवतात. होय, पूर्ण कातड्याची एक मोठी पिशवी. तीत बाभळीची साल आणि हिरडा यांचा काढा भरून ती लाकडी चौकटीला टांगतात. काढा कातड्यातून हळूहळू झिरपून खाली ठेवलेल्या भांड्यात पडतो. तो उचलून पुन्हा वर ओततात. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात, म्हणजे वरच्या भागालाही काढा मिळतो. बाभळीची साल आणि हिरडा यांत तुरटपणा आहे. हिरडा चाखल्यावर जीभ आखडते, तशीच क्रिया कातड्याच्या तंतूंवर होते आणि नाशवंत वस्तू टिकाऊ बनते. या सगळ्याला कित्येक आठवडे लागतात. क्रोमच्या क्षारांनी हेच काम फार थोड्या वेळात होते आणि शहरी बुटांचे बहुतेक चामडे तसेच कमावलेले असते. ते मऊ असते, पाण्याला बरे असते. परंतु सालीने कमावलेले कातडे घालणाऱ्याच्या पावलाचा ठसा घेते. जुन्या कोल्हापुरीच्या आतल्या बाजूला पाच बोटांचे पाच खळगे आपण पाहिले असतील. दुसऱ्याची चप्पल पायाला लागते ती यामुळेच. त्या ठिकाणचा वास मी येथे गोड करून सांगणार नाही. तो नाकात दोन दिवस राहिला. मात्र ज्यांच्या नाकात तो जन्मभर राहतो त्यांना आपण त्या वासावरूनच गावाबाहेर बसवले, हा विचार त्याहून अधिक दिवस राहिला.

हा विचार मला चहाच्या पेल्यापाशी आधीच भेटला होता. पहिल्या दिवसापासून माझ्यासाठी चहा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून येई, पाणी बाटलीबंद येई. घरात चूल पेटलेली, अक्कांच्या हातचा चहा सारे पीत, आणि मला मात्र काचेच्या पेल्यात हॉटेलचा. मामा मला ‘ताई’ आणि ‘तुम्ही’ म्हणत. बसावयास खुर्ची देत. त्या आदरात एक अंतर होते आणि ते त्यांनी घातलेले नव्हते. माझ्या आजीच्या काळी वहाणा दुरुस्त करून आणणाऱ्याचे पैसे उंबऱ्यावर ठेवले जात, हातावर दिले जात नसत. हे मी आईकडून ऐकले आहे. मामांच्या वडिलांनी असे पैसे उंबऱ्यावरून उचलले असतील. आठवड्याने अक्कांनी मामांकरवी विचारले, “आमच्या घरचा चा चालंल का?” मी म्हणाले, “वाट पाहत होते.” मी खुर्चीवरून खाली उतरून पोत्यावर बसले. चहा फार गोड होता. त्या दिवसानंतर मामा मला ‘पोरी’ म्हणू लागले आणि रापीही त्यानंतरच माझ्या हाती आली.

त्या घरात भिंतीवर एका शरणाचे चित्र होते. हरळय्याची कथा कर्नाटकातील वाचकांना सांगावयास नको, इतरांसाठी थोडक्यात सांगते. बाराव्या शतकात कल्याण नगरीत बसवेश्वरांच्या मंडळीत हरळय्या नावाचा चर्मकार होता. त्याने वाटेत बसवेश्वरांना ‘शरणु’ म्हणून वंदन केले. उत्तरादाखल बसवेश्वर ‘शरणु, शरणु’ असे दोनदा म्हणाले. त्या एका जादा नमस्काराचे ऋण कसे फेडावे, या चिंतेने पतिपत्नींनी आपल्याच मांड्यांचे कातडे काढून त्यांच्यासाठी पायतणे केली, अशी श्रद्धेने सांगितली जाणारी कथा आहे. पुढे हरळय्याच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाला आणि त्यासाठी बिज्जल राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला. मामा ही गोष्ट सांगताना पायतणांवर थांबत नसत. “लगीन लावलं म्हनून मारलं,” एवढेच ते म्हणत आणि पुन्हा आरी चालवू लागत.

आरीविषयी थोडे सांगते. कापडात सुई गेली आणि आली तरी धागे बाजूला सरतात, पुन्हा जागेवर येतात. छिद्र राहत नाही. विणलेले उसवता येते, उसवलेले पुन्हा विणता येते. कातड्याला पडलेले भोक कायमचे. म्हणून आरी टेकवण्यापूर्वी नजर आधी पुढे जाते; किती टाके बसतील, शेवटचा टाका वळणावर कोठे येईल, हे सारे मनात शिवून झाल्यावर हात हलतो. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरीत लोखंडी खिळा नसतो. वरचा तळ, खालचा तळ आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेले दोन बाजूंचे कान हे सारे चामड्याच्याच बारीक वादीने शिवतात. आता पुष्कळ ठिकाणी नायलॉनचा दोरा वापरतात. कातडे आधी ओले करतात, ठोकून घट्ट करतात, मग शिवतात. वाळताना ते आवळते आणि टाका अधिकच धरतो. खिळा असता तर कातडे झिजून तो पायाला लागला असता; वादी मात्र तळाबरोबरच झिजते. शिवण्यासाठी मनगटापेक्षा खांद्याचा जोर लागतो, हे माझ्या खांद्याने मला महिनाभर रोज रात्री सांगितले.

अंगठा, पट्टा, कान आणि तळ एवढीच खरे तर या वहाणेची अंगे. परंतु आपण दुकानात ज्या शोभेवर भाळतो ती असते वेणीची. कातड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या कापून त्यांची वेणी घालतात आणि ती पट्ट्यावर बसवतात. कोठे गोंडा, कोठे जर लावतात. हे काम बहुधा बायका करतात. कापणे आणि तळ बसवणे पुरुषांकडे, वेणी आणि वरची बारीक कलाकुसर बायकांकडे, अशी वाटणी मला त्या गल्लीत घरोघर दिसली. अक्का दुपारची भांडी झाली की भिंतीला टेकून बसत, पट्ट्यांचे एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवीत आणि शेजारणीशी बोलत बोलत वेणी घालीत. त्या खाली पाहतच नसत.

येथे माझी विद्या उपयोगी पडेल असे मला वाटले आणि ती पडलीही. पट्ट्यांचा क्रम माझ्या बोटांना लगेच कळला; वेणी हेही एक विणणेच आहे. अक्कांनी माझी वेणी हातात घेतली, नखाने दाबली आणि मामांना कानडीत काही सांगितले. मामा म्हणाले, “ती म्हनती, नक्षी बरूबर हाय, पर ही येणी केसाची हाय, पायाची न्हाई.” त्याचा अर्थ अक्कांनी करून दाखवला. पायाची वेणी घालताना प्रत्येक पेडाला त्याच्या जाडीप्रमाणे वेगळा ताण द्यावा लागतो, कारण कोणताही एक पेड दुसऱ्यासारखा नसतो. सुतात सारखेपणा मिलकडून आयता येतो. येथे तो प्रत्येक वळशाला बोटांनी निर्माण करावा लागतो. हे जे अक्कांना येते ते शिकवणारी शाळा मला माहीत नाही. त्यांच्या सासूने त्यांना शिकवले होते. तरीही व्यापारी हिशेब लिहितो तो मामांच्या नावाने, आणि ‘कारागीर’ या शब्दाने त्या गल्लीत कोणी अक्कांना हाक मारल्याचे मी ऐकले नाही.

२०२५ च्या जूनमध्ये इटलीतील मिलान शहरी एका विख्यात फॅशनगृहाच्या प्रदर्शनात अगदी कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि त्यांच्या मूळ गावाचा उल्लेख कोठेच नव्हता. आपल्याकडे ओरड झाली, त्या संस्थेने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करारही केला. हे योग्यच झाले. परंतु मला त्या दिवसांत राहून राहून वाटे की नावाचा न्याय दूरच्यांकडे मागताना आपण घरातली वेणी कोणी घातली हेही विचारावयास हवे. मामांनी ती बातमी नातवाच्या फोनवर पाहिली. त्यांनी चित्र मोठे करावयास सांगितले, बराच वेळ तळाकडे पाहिले आणि विचारले, “शिवलीया का चिकटवलीया?”

थोडे विषयांतर करते, पण ते सुतापासून फार दूर जाणार नाही. चरख्याचे आणि खादीचे नाव निघाले की आपल्याला गांधीजी आठवतात. चरखा त्यांच्या हाती येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या हाती आरी आली होती, हे मात्र थोड्यांना माहीत असते. दक्षिण आफ्रिकेत १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म सुरू झाले, तेव्हा त्यांचे स्नेही कॅलनबाख एका ख्रिस्ती मठात जाऊन चपला करावयास शिकून आले. त्यांच्यापासून गांधीजी शिकले आणि त्यांनी इतरांना शिकवले. त्यांनी तुरुंगात केलेला एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला. स्मट्स यांनी तो अनेक वर्षे वापरला आणि १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने परत पाठवला. तुरुंगात टाकणाऱ्याच्या पायाचे माप घेण्याचा प्रसंग किती जणांवर येत असेल! गांधीजी कातड्याकडून सुताकडे आले. मी उलट्या वाटेने गेले, तरी त्या वाटेवर कोणी आधी चालून गेले आहे याचा धीर वाटला.

मापाचा विषय निघाला म्हणून सांगते. पंजाबी जुत्तीत परंपरेने डावी-उजवी असा भेद नसतो. दोन्ही सारख्याच सरळ, आणि घालणाऱ्याचे पाऊल वापरता वापरता तो भेद घडवते. साडीचेही तसेच आहे. ती कोणा एकीच्या अंगाची नसते, सहा वार किंवा नऊ वार सरळ कापड असते आणि नेसणारी तिला आकार देते. मला विणकर म्हणून त्या सरळपणाची सवय आहे. परंतु एखाद्या ठराविक पायासाठी चप्पल करावयाची तर समोर बसून तो पाय हातात घ्यावा लागतो, आणि मग लपवण्याजोगे काही उरत नाही. कोणाची टाच भेगाळलेली, कोणाचे बोट लहानपणी मोडलेले, कोणाचे एक पाऊल दुसऱ्याहून मोठे. माझी भिंतीवरची चित्रे लोक दोन पावले मागे सरून पाहतात आणि सुंदर म्हणतात. चप्पल पाहण्यासाठी मागे कोणी सरत नाही. तीत पाय घालतात, चार पावले चालतात आणि एक तर गप्प राहतात किंवा काढून ठेवतात. इतका रोखठोक प्रेक्षक मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

अक्का स्वतः रबरी सपाता वापरीत. त्या गल्लीतल्या बहुतेक बायका तेच वापरतात; धुण्याला, पाण्याला ते बरे पडते आणि कोल्हापुरी जोड विकला तर घरात चार पैसे येतात. तेव्हा मी ठरवले की मला पूर्णपणे येऊ लागलेला पहिला जोड अक्कांचा असावा. माप घ्यावयाचे म्हणून मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्या लाजल्या, पाय मागे घेतला, पदराने पुसला आणि मग कागदावर ठेवला. मी पेन्सिल फिरवीत असताना शेजारणी हसत होत्या. पन्नास वर्षे या घरात वहाणा होत आहेत आणि अक्कांच्या पावलाचे माप कोणी घेतलेले नव्हते.

तळ मी पुठ्ठ्याच्या कातड्यातून कापला. पट्टा कण्याच्या रेषेने. शिवण वादीचीच घातली. खण मी सोडला नव्हता. चालण्याचा भार ज्या जागी पडत नाही, घासणे ज्या जागी कमी, तेथे म्हणजे पट्ट्याच्या वरच्या अंगावर, दोन चामड्यांच्या मध्ये, त्याची काळ्यावर लाल काठाची एक बारीक रेघ बसवली. मामांनी ती अंगठ्याने घासून पाहिली. “हितं ऱ्हाईल,” ते म्हणाले. वेणी मात्र अक्कांनी मला घालू दिली नाही. माझ्या हातातल्या पट्ट्या त्यांनी काढून घेतल्या, अंगठ्यात अडकवल्या आणि एका दुपारी दोन्ही वेण्या पुऱ्या केल्या.

जोड तयार झाला, तेल पाजून दोन दिवस सावलीत ठेवला. अक्कांनी तो घातला, अंगणात चार पावले चालल्या, थांबून बोटे हलवली. नवे कातडे करकरत होते. त्या परत आल्या, खाली बसल्या, चपला काढून तळ उलटा करून टाके मोजले आणि मामांकरवी मला किंमत विचारली. मी म्हणाले, अक्का, हा तुमचाच आहे, किंमत कसली. त्यांनी मान हलवली. फुकटची वस्तू पायात घालावयाची नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा बाजारात असा जोड ज्या भावाने जातो तो भाव मी सांगितला.

अक्कांनी बोटांवर हिशेब केला आणि या वेळी मामांची वाट न पाहता, अडखळत का होईना, मराठीतच म्हणाल्या, “त्यातनं येणीचं माझं वजा कर.” मग वेणीचा आकडा त्यांनी स्वतः सांगितला. व्यापारी जो देतो त्याच्या तिप्पट तो होता. मामांनी वर पाहिले, पण काही बोलले नाहीत. मी तो आकडा वहीत लिहिला, वजाबाकी केली, आणि उरलेले पैसे अक्कांनी कमरेच्या पिशवीतून काढून, मोजून माझ्या हातावर ठेवले.